वारेची तपासणी की गर्भजलाची?

एनआयपीटीचा, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला की पुढे दोन वाटा असतात: सीव्हीएस (वारेची, म्हणजे प्लासेंटाची तपासणी) किंवा अ‍ॅम्निओसेंटेसिस (गर्भजलाची तपासणी). पहिली अकराव्या आठवड्यापासून करता येते, दुसरी पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर. पेडण्याहून किंवा सत्तरीहून पणजी-बांबोळीला खेपा घालणाऱ्या जोडप्याला मधला महिना जड जातो, आणि ते अगदी साहजिक आहे.

पण सीव्हीएसमध्ये वारेचा कण घेतात, आणि वार म्हणजे बाळ नव्हे. शंभरातल्या एक-दोन तपासण्यांत वारेच्या काही पेशींतच गुणसूत्रांचा दोष दिसतो. त्यातल्या बहुतेक वेळा बाळाची गुणसूत्रं ठीक असतात. एनआयपीटीतला डीएनएही मुख्यतः वारेचाच, म्हणजे दोन्ही रिपोर्ट एकाच जागी फसू शकतात. गर्भजलात मात्र बाळाच्याच पेशी तरंगत असतात, त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या. म्हणून सोनोग्राफी स्वच्छ असेल तर थोडं थांबा आणि गर्भजल तपासा, असं मी म्हणेन. सोनोग्राफीतच दोष दिसला असेल तर सीव्हीएस लवकर केलेली बरी.

गर्भपाताचा धोका दोन्हींत कमी, जवळपास सारखाच.

गर्भजल नॉर्मल आलं तरी वारेतला दोष विसरू नका, हं. वारेत सोळावं गुणसूत्र तिहेरी असेल तर बाळाची वाढ खुंटू शकते, आईचं बीपी चढू शकतं, बाळंतपण वेळेआधी होऊ शकतं. घरात चवथीची कितीही धांदल असो, बीपी आणि वाढीची सोनोग्राफी चुकवायची नाही.