उवांसाठी बारीक फणी बरी की परमेथ्रिन लोशन?

मुलांच्या डोक्यात उवा निघाल्या की दोन मार्ग समोर येतात: बारीक दातांच्या फणीने विंचरत राहणे किंवा औषधाच्या दुकानातून एक टक्का परमेथ्रिनचे लोशन आणणे. धुऊन टिपलेल्या केसांना मुळापासून लावून 10 मिनिटांनी धुवायचे असल्याने लोशन सोपे वाटते. मात्र त्याने सगळ्या लिखा मरत नाहीत आणि उरलेल्या आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून नवव्या दिवसाच्या सुमारास ते पुन्हा लावावे लागते. शिवाय अनेक देशांत उवा या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत.

फणीच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडून, एकेक बट वेगळी घेऊन फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसावी, म्हणजे तिळाएवढी करडी ऊ पाय हलवताना स्पष्ट दिसते. हे दर तीन-चार दिवसांनी किमान दोन आठवडे करायचे असते, आणि लांब, दाट केसांच्या मुलीला तेवढा वेळ बसवून ठेवणे हीच खरी परीक्षा. (रॉकेल चोळण्याचा जुना प्रकार तर धोक्याचाच.)

निदानासाठी मात्र फणीला पर्याय नाही, असे माझे मत आहे. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते; परंतु टाळूपासून दूर दिसणारी पांढरी लीख बहुधा रिकामे कवच असते, त्यामुळे जिवंत ऊ सापडल्याशिवाय लोशन लावू नये. दोन महिन्यांहून लहान बाळाला तर ते लावूच नये.