जुन्या सुकाणूला फायबरग्लास आणि कार्बन फायबर: मोसमभर वापरल्यानंतर

दुरुस्त केलेल्या सुकाणूवर पूर्ण मोसम होडी चालवली. मग ती पाण्याबाहेर काढून सुकाणूचं पातं वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलं. आवाज सगळीकडे भरीव आहे, जोडावर चीर नाही आणि तळाला ओल नाही. जुनं सुकाणू टाकून द्यायची गरज नव्हती, हे आता खात्रीने सांगता येतं. पण अशा दुरुस्तीत सगळं श्रेय कार्बन फायबरला मिळतं, ते मात्र मला पटत नाही. पातं टिकलं ते आधी नीट वाळवल्यामुळे आणि शाफ्टभोवतीचा, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याभोवतीचा, सांधा विचार करून बांधल्यामुळे. कार्बनने मदत केली, पण एका ठरावीक जागी.

हे सुकाणू होडीच्या पोटाखाली सुटं लोंबणारं आहे, त्याला खालून कसलाच आधार नाही. मधे स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, त्याला वेल्ड केलेल्या आडव्या पट्ट्या, भोवती फोम आणि वर फायबरग्लासची दोन कवचं. या प्रकारच्या सुकाणूंचं दुखणं बहुतेक वेळा शाफ्ट पात्यात शिरतो तिथेच सुरू होतं. स्टील आणि फायबरग्लास उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यात लाटेच्या माराने शाफ्ट किंचित वाकत राहतो. सांधा उकलतो, पाणी आत झिरपतं आणि तिथेच कोंडून राहतं. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा जो अतिशय पातळ थर असतो, तो टिकायला ऑक्सिजन लागतो. फोमात अडकलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही. म्हणून वरून चकचकीत दिसणारा शाफ्ट आत खड्डे पडून खाल्लेला निघू शकतो. पात्यावर तपकिरी ओघळ दिसला की एका बाजूचं कवच उघडावंच, बाहेरून कितीही थर चढवले तरी आतला गंज थांबत नाही.

माझ्या पात्यात शाफ्ट चांगला निघाला. वेल्डिंगवर डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरांत शिरून त्या दाखवणारा रंग, मारून बारीक चिरा शोधल्या, सापडल्या नाहीत. तिथे चीर निघाली असती तर मी फायबरग्लासच्या कापडाला हातही लावला नसता. फोम मात्र शाफ्टभोवती कुजला होता. तो खरवडून काढला, आतली जागा गोड्या पाण्याने अनेकदा धुतली, कारण मीठ राहिलं तर ते ओल धरून ठेवतं. मग वाळवणं. हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि इथेच माणसं घाई करतात. ओल मोजायचं यंत्र स्टीलजवळ भलतेच आकडे दाखवतं, म्हणून मी पातं सरळ काट्यावर तोलत राहिलो. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच पुढे गेलो. वजन करण्याइतकी भरवशाची दुसरी खूण मला तरी सापडली नाही.

कापड भिजवून घट्ट करणारं रेझिन म्हणून इपॉक्सीच घेतलं. जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरग्लासवर पॉलिएस्टरपेक्षा त्याची पकड कितीतरी चांगली बसते. फक्त त्याच्याबरोबर साधी चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे धाग्यांची चटई, वापरू नये. त्या मॅटमधले धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ सहसा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही आणि मॅट ताठर राहते. त्याऐवजी ४५ अंशांत शिवलेलं बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांना धागे असलेलं, कापड घेतलं. सुकाणूला पीळ पडतो आणि तो पेलायला तिरपे धागेच हवेत. जिथे तडा होता तिथे कवच उतरतं घासलं, जाडीच्या १२ पट रुंद उतार ठेवला. एक थर चिकट असतानाच पुढचा चढवला. जिथे ते जमणार नव्हतं तिथे पील प्लाय, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचं कापड, टाकलं. तरी वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आलाच तर आधी पाण्याने धुऊन मगच पॉलिश पेपर मारावा, नाहीतर तो थर घासून आतच जिरवला जातो.

आता कार्बन. धाग्याचा ताठरपणा पाहिला तर फायबरग्लासमधल्या साध्या काचेचा (ई-ग्लास) सुमारे ७२ गिगापास्कल, नेहमीच्या कार्बनचा सुमारे २३०. म्हणजे दोन्ही एकाच थरात शेजारी बसवले की भार आधी कार्बनवर जातो. पण कार्बन फार ताणला जात नाही, दीड-दोन टक्क्यांवर तुटतो, आणि काच त्याच्या दुपटीहून जास्त ताण सोसते. त्यामुळे इथे एक पट्टी, तिथे एक पट्टी असा कार्बन शिंपडण्यात अर्थ नाही. एकतर पूर्ण भार पेलण्याइतका घालावा, नाहीतर घालूच नये. शिवाय या जातीच्या सुकाणूत सर्वात मोठा वाक शाफ्ट होडीतून बाहेर पडतो त्या खालच्या बेअरिंगपाशी येतो. तो वाक सगळा शाफ्टच झेलतो, पात्याच्या कवचावर कितीही कार्बन चढवला तरी तिथे काडीचा फरक पडत नाही. कार्बन कामाला येतो तो शाफ्ट जिथे पात्याच्या आत संपतो तिथे. वरचा भाग ताठ, खालचा लवचिक, आणि जुना तडा नेमका त्याच रेषेवर होता. म्हणून उभ्या धाग्यांच्या कार्बन पट्ट्या फक्त तेवढ्या भागात दोन्ही कवचांवर बसवल्या आणि त्यांची टोकं मागेपुढे ठेवली, म्हणजे ताठरपणा एकदम तुटत नाही.

कार्बन स्टीलला टेकू द्यायचा नाही, हा नियम मी कुठेही मोडला नाही. कार्बन वीज वाहून नेतो, आणि खाऱ्या पाण्यात त्याच्याशी जोडलेला धातू झिजतो. दोघांमध्ये सगळीकडे काचेच्या कापडाचा थर आहे. बाहेरूनही काचेचाच थर दिला. जास्त ताण आला की काच पांढुरकी पडते आणि इजा डोळ्यांना दिसते; काळा कार्बन आत फुटला तरी वरून तसाच दिसू शकतो. घासताना मात्र जपावं. कार्बनची धूळ यंत्राच्या मोटरमध्ये शिरून शॉर्ट सर्किट करू शकते, आणि इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे आणि मास्क लागतातच.

वापरताना जाणवलेला मोठा फरक आकाराचा आहे. कवचं पुन्हा चिकटवल्यावर लांबी (पुट्टी) भरून, प्लायवुडचे साचे लावून पात्याचा छेद नाका ००१२ या दोन्ही बाजू सारख्या असलेल्या प्रमाणित आकाराच्या जवळ आणला: रुंदीच्या १२ टक्के जाडी, आणि सर्वात जाड भाग पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर. आधी दोन्ही बाजू एकसारख्या नव्हत्या आणि टिलर (सुकाणू फिरवायचा हातातला दांडा) सतत एकीकडे ओढायचा. आता वाऱ्याच्या उलट अंगाने वर चढताना तो दोन बोटांवर राहतो. मागची कड गोल न ठेवता चौरस कापली, तेव्हापासून वेगात येणारी गुणगुण गेली. मागून मोठ्या लाटा येत असताना पूर्वी जो सैलपणा वाटायचा तोही उरलेला नाही, पण त्यात नव्या बेअरिंगचा हात आहे, तो पात्याच्या खात्यावर टाकणार नाही.

शाफ्टभोवती पात्याच्या माथ्यावर कडक इपॉक्सी न भरता खाच ठेवून त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरलं होतं. ते शाफ्टबरोबर थोडं हलतं, म्हणून तुटलेलं नाही. एका बाजूला त्याची कड किंचित सुटू लागली आहे. ते वर्षातून एकदा काढून नव्याने भरायचंच, असं धरून चालावं. अँटीफाउलिंगखाली, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगाखाली, दिलेले इपॉक्सीचे पाणी अडवणारे थर (बॅरियर कोट) शाबूत आहेत. पातं पांढरं रंगवलं आहे, म्हणजे होडी पाण्याबाहेर असताना ते उन्हात कमी तापतं. साध्या तापमानात घट्ट झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि काळा कार्बन उन्हात तिथवर सहज पोचतो.

शाफ्ट खाल्लेला असेल तर नवं सुकाणू घ्या. शाफ्ट शाबूत असेल आणि वाळवण्याइतका वेळ हाताशी असेल, तर ही दुरुस्ती जरूर करा. कार्बन परवडत नसेल तर त्या जागी काचेचे आणखी थर घालून कवच जाड केलं तरी पातं उभं राहील, फक्त वजन थोडं वाढेल.