दाते पाडायचा खटका, आणि बाकीचं मशीन: आठ महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात माझं शिलाई मशीन ‘बिघडलं’. मोटर चालू, सुई खालीवर, पण कापड जागचं हलेना. एकाच भोकात पंधरा टाके. वॉरंटी आहे म्हणून सर्व्हिसला फोन केला. दोनदा ‘आज येतो’ ऐकल्यावर चौथ्या दिवशी माणूस उगवला. त्याने जोड-टेबल काढलं, मागचा खटका बोटाने शेवटपर्यंत ढकलला, हातचाक एकदा फिरवलं. खट्! दाते (सुईखालचे, कापड पुढे सरकवणारे) वर. वर व्हिजिट चार्ज, कारण हा बिघाड नाही, वापरणाऱ्याची चूक!

चूक माझी, मान्य. पण हा खटका ठेवलाय कुठे ते बघा. फ्री मोशनसाठी, म्हणजे कापड आपल्याच हातांनी हवं तसं फिरवत शिवायला, दाते खाली पाडायचे तर खटका मशीनच्या पाठीमागे, बुडाशी. जोड-टेबल लावलं की तो त्याच्या आड जातो. आणि टेबलाशिवाय क्विल्टिंग करून दाखवा, गोधडीचं वजन कडेवरून खाली ओढत राहतं. म्हणजे प्रत्येक वेळी गोधडी काढा, टेबल काढा, खटका सरकवा, परत सगळं लावा. मी आळस केला, टेबलाखालून दोन बोटं घालून चाचपडत सरकवला. तो अर्ध्यावरच राहिला. बरं, खटका पुरता बसला तरी चाकाचा फेरा होईपर्यंत दाते वर येत नाहीत, त्यामुळे बघूनही काही कळत नाही. हे डिझाइन ज्याने केलं त्याने आयुष्यात दुलई शिवली नसणार.

आता मशीनबद्दल. पहिला महिना मी याला शिव्याच दिल्या. वरून टाका मोत्यासारखा, उलटं केलं की प्रत्येक वळणावर वरच्या दोऱ्याचे फासे, डोळ्याच्या पापण्यांसारखे. टेन्शन (वरच्या दोऱ्याचा ताण) ४ वरून ५, ५ वरून ६ केलं, दोरा तुटायला लागला. बॉबिन केसचा स्क्रूसुद्धा पिळला (पिळू नका, पिळायचाच असेल तर आधी त्याच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवा. मी ठेवली नव्हती). तेव्हाच लिहायला बसले असते तर एकच स्टार दिला असता.

मशीनचा दोष नव्हताच. मी घाबरून पॅडल हळू दाबत होते आणि वळण आलं की हात झटकन फिरवत होते. दाते खाली असले की टाक्याची लांबी आपले हात ठरवतात. हात पळाले, सुई मागे राहिली, की कापड वरच्या दोऱ्याला ओढतं आणि खाली पापण्या. मग स्पीडची पट्टी मधोमध लावली, पॅडल बिनधास्त दाबलं आणि हात मुद्दाम संथ केले. चौदा इंची तुकड्यांवर रोज वीस मिनिटं, नुसती नागमोडी. सहाव्या-सातव्या तुकड्याला मागची बाजू स्वच्छ झाली, टेन्शन परत ४ वर. सुई ९०/१४. माझ्यासारख्या कंजूष माणसाने सांगावं म्हणजे खरं समजा: सुईत काटकसर नको, बोथट सुईने दोरा पिंजतो.

अजून एक. हॉपिंग फूट (फ्री मोशनचा, सुईबरोबर उड्या मारणारा दाबपाय) खाली केलं तरी ते कापडाला नीट टेकत नाही, म्हणून ते खाली करायची पट्टी पाडली की नाही याचा विसर पडतो. पट्टी वर असेल तर टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि खाली दोऱ्याचं घरटं तयार होतं. माझी तीन झाली. दर दोन बॉबिननंतर सुईखालची प्लेट काढून ब्रशने पिंजण साफ करते. सुती भरण असेल तर बरीच निघते, करडी, नमद्यासारखी.

मग पाचव्या महिन्यात शोध लागला: दाते पाडायची गरजच नाही. टाक्याची लांबी ० केली की दाते जागच्या जागी वरखाली होतात, कापड पुढे ढकलत नाहीत. माझ्या मशीनवर टाक्यात काडीचा फरक पडला नाही. म्हणजे ज्या खटक्यावर मी एवढी चिडत होते तो चार महिने उगाचच सरकवला! खटक्याबद्दलचं मत मी तेव्हा बदललंही होतं. पण मागच्या आठवड्यात अस्तर फ्लॅनेलचं होतं, दाते त्याला खालून घासत होते, म्हणून पाडले. पुढचं वर सांगितलंच.

बाकी सुई खाली थांबवायचं बटण सोन्याचं आहे, वळणावर थांबून हात बदलता येतात, रेघ सरकत नाही. सुईच्या उजवीकडची जागा मोठ्या गोधडीला कमी पडते, गुंडाळी अडकते. दिवा बरा आहे. आवाज माझ्या जुन्या मशीनच्या निम्मा.

खटका पूर्ण बसतो तिथे मी आता लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. तो दिसायला टेबल काढावंच लागतं. वॉरंटीचे चार महिने उरलेत, पण खटक्यासाठी परत फोन करणार नाही. टेबल काढीन.