दादरची ट्रॅव्हल एजन्सी: दिवाळीत नको म्हणाली, बरं झालं

स्टेशनजवळच्या जिन्यावरचं छोटं ऑफिस आहे. मी आणि धाकटी बहीण दिवाळीत व्हिएतनामला जायचं म्हणून चेक घेऊनच गेलो होतो. काउंटरवरच्या ताईंनी आधी विचारलं, "होई आन बघायचंय ना? मग ऑक्टोबर-नोव्हेंबर नको." तेव्हा मध्य व्हिएतनामला पाऊस धो धो असतो आणि होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. आपला पावसाळा संपला की सगळ्या जगाचा संपला, असं मी उगाच धरून चालले होते! फक्त हनोई करायचं असेल तर नोव्हेंबर चांगला, हेही त्यांनी सांगितलं. हातातलं बुकिंग सोडून असं कोण सांगतं?

फेब्रुवारी सुचवला, पण तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष टाळून. त्या दिवसांत दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात. आम्ही महिनाअखेरीस गेलो. होई आनला स्वच्छ ऊन, आणि संध्याकाळी नदीकाठी आकाशकंदील लागले की दिवाळी चुकल्याची रुखरुखही गेली.

तक्रार एकच, पण मोठी. 'व्हेज जेवणाची सोय आहे' म्हणाले, आणि पहिल्याच सूपला माशाच्या सॉसचा वास! 'आन चाय', म्हणजे शाकाहारी, हे दोन शब्द आम्ही तिथे गेल्यावर शिकलो. ते इथेच सांगायला हवे होते. शिवाय व्हिसाच्या फोटोसाठी दोन हेलपाटे.

तरी पुढच्या वर्षी परत तिथेच जाणार. बहीण जपान म्हणतेय.