जुनी जीप: मूळ पेट्रोल इंजिन ठेवावं की डिझेल बसवावं?

सीजे-३बी ही जुनी जीप घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना नाशकात हा प्रश्न हमखास निघतो. तिचं मूळ हरिकेन इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं. इंधन-हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये. हे उंच इंजिन मावावं म्हणूनच या जीपचं बॉनेट इतकं वर आहे. पेट्रोल भरपूर पितं, हे खरंच. पण आमच्या अंगणात कार्बोरेटर साफ करून पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा स्टिअरिंगवर ठेवलेला हातसुद्धा थरथरला नाही, इतकं मऊ चालतं.

डिझेल बसवलं की खर्च कमी आणि कसाऱ्याच्या घाटात खालच्या गिअरला ओढ चांगली. मात्र इंजिन धरून ठेवणारे माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागतात, वजन वाढल्याने पुढचे स्प्रिंगचे पाटे खाली बसतात आणि धक्क्यांनी बॉडीचे बोल्ट सैल होतात. सातपूर-अंबडला चांगले लेथवाले आहेत, त्यामुळे काम होतं. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी मात्र लागते.

माझा कौल मूळ इंजिनालाच. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा लागतो. विंटेज नंबरची गाडी रोज वापरताही येत नाही. तेव्हा रोज शेतावर जायचंच असेल, तर डिझेल बसवा. फक्त काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका. सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लगची भोकं बंद करून ते कोरड्या जागी ठेवा.