भोक बुजवून विकलेला 1911 चा रुपया

नाण्यांचा छंद असलेल्यांसाठी आणि आजीच्या पेटीतली नाणी विकायला निघालेल्यांसाठीही हे लिहितोय. कोल्हापुरात एका हॉलमध्ये जुन्या नाण्या-नोटांची विक्री लागली होती. तिथल्या एका टेबलावर मला पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया "अखंड आहे, एक नंबर पीस" असं सांगून साडेचार हजारांना विकला. त्या रुपयाला भोक होतं आणि ते चांदी भरून बुजवलेलं होतं.

1911 च्याच रुपयाला एवढे पैसे का, तर राजाच्या अंगरख्यावरच्या हारातला हत्ती त्या वर्षी डुकरासारखा दिसत होता. लोक बिथरले, सरकारने बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला. म्हणून 'डुक्कर छाप' रुपयाला संग्राहक जादा मोजतात. चांदी मात्र त्यात त्या काळच्या इतर रुपयांएवढीच, म्हणजे 11.66 ग्रॅम वजन आणि त्यात सुमारे 92 टक्के चांदी. वरचे पैसे सगळे त्या वर्षाचे आणि नाण्याच्या अवस्थेचे. भोक पडलं की अवस्थेचे पैसे जवळपास संपतात आणि साध्या वर्षाचा रुपया चांदीच्या भावावर येतो.

आपल्याकडे भोकाचे रुपये ढिगाने सापडतात, कारण घरोघरी रुपयांच्या माळा होत्या. कोणी वरच्या बाजूला भोक पाडून ओवत, कोणी कडेला डाग देऊन, म्हणजे झाळून, कडी बसवत. या माळा मोडीत येतात, तिथून चांगल्या वर्षाचे रुपये निवडून काढले जातात आणि त्यांची भोकं बुजवली जातात.

माझा रुपया गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, ओळखीच्या एका जुन्या कारागिरांनी बघितला; त्यांना मी मामा म्हणतो. त्यांनी वजन केलं, ते बरोबर भरलं. मग नाणं खिडकीशी नेऊन आडव्या उजेडात तिरकं धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या मुकुटाच्या वर, कडेला लागून, तांदळाच्या दाण्याएवढा गोल वेगळा दिसत होता. बाकीच्या पृष्ठभागावर शंभर वर्षांच्या वापराचे बारीक ओरखडे आणि करडी झाक, त्या गोलात मात्र चांदी पांढरीफट्ट, आणि ओरखडे सगळे एकाच दिशेने गेलेले. नाणं उलटं केलं तर मागे नेमक्या त्याच जागी वेलबुट्टी मेणात दाबल्यासारखी बोथट, कारण ती टाकसाळीत उठलेली नव्हती, हाताने कोरलेली होती. "ह्ये बुजवलंय की हो भाऊ. काम चांगलं केलंय, पण बुजवलंय," मामा म्हणाले. शेजारी दुसरा रुपया आपटून दाखवला. तो खणखणीत वाजला, माझा बद्द. नुसत्या आवाजावर मात्र जाऊ नका, काम सफाईदार असेल तर आवाजही फसवतो.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, "साहेब, चांदी अस्सल आहे, वजन पूर्ण आहे, अजून काय पाहिजे?" पैसे परत द्या म्हटल्यावर बिल वाचायला सांगितलं. बिलावर फक्त 'जुने चांदीचे नाणे, 1 नग' एवढंच. शेवटी म्हणाला, परत घेतो, पण चांदीच्या भावाने, घट वजा करून. कारण विचारलं तर उत्तर आलं, "भोकाचं नाणं आहे ना साहेब, मोडीतच जाणार." विकताना जे भोक अस्तित्वातच नव्हतं, ते परत घेताना त्याला बिनभिंगाचं दिसलं! माझा राग आहे तो यावर. भोकाचं नाणं भोकाचं म्हणून विकणं हा सरळ धंदा आहे, आणि कमी पैशात हौस भागवायला अशी नाणी मीही आनंदाने घेईन.

एनजीसी, पीसीजीएससारख्या प्रमाणित करणाऱ्या परदेशी संस्था असं नाणं खरं असलं तरी त्याला नेहमीचा दर्जा-अंक देत नाहीत; भोक, बुजवलेलं भोक, काढलेली कडी, घासून केलेली सफाई, यांतला जो दोष असेल तो लेबलवर छापतात. आपल्या बिलावरही तेच मागा: 'भोक नाही, बुजवलेले नाही, कडीचा डाग नाही, तसे आढळल्यास पूर्ण रक्कम परत.' ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर तोंडी 'एक नंबर पीस' सिद्ध करणं अवघड जातं.

टाकसाळीतूनच भोकासह आलेला 1943 ते 1947 चा ब्राँझचा पैसा यात धरू नका. तो अजूनही भरपूर मिळतो. त्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी 'कमिशन' किंवा 'टॅक्स' मागणारा ठग असतो. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा लोकांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

घरची माळ विकणाऱ्यांनी ती अख्खी तराजूत टाकू देऊ नका. आधी एकेका रुपयावरचं साल वाचा, दुर्मीळ साल असेल तर भोकासकटही चांदीपेक्षा जास्त मिळू शकतात. भोक बुजवून घेऊ नका. कडी उपटू नका, कानस लावली की कडेचे दाते जातात. आणि चिंच, रांगोळी, पितांबरी यांतलं काहीही नाण्याला लावू नका. काळसर थर तसाच असलेलं नाणं जाणकार घासलेल्या नाण्यापेक्षा जास्त किमतीला घेतात.