पाच भागांचा अंतराळसंच: आठ महिने वापरून (एक गठ्ठा मांडवीला अर्पण)

प्रकाशाला मागे टाकणाऱ्या माणसाच्या पहिल्या यानाची गोष्ट, पाच भागांचा कादंबरीसंच, ऑनलाइन १,९५० रुपये. मार्चमध्ये घेतला. कथानक सगळीकडे वाचायला मिळतं, ते सांगत बसत नाही.

गोव्यात रायबंदरला मांडवी नदीवरच्या फेरीबोटीची वाट बघताना आणि मग पलीकडच्या चोडण बेटापर्यंत, अशी रोज दहा-बारा पानं व्हायची. पहिले दोन भाग झकास. पण माझ्या डोक्यात एकच किडा: हे यान थांबणार कसं? वेगाचं कौतुक सगळेच करतात. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर, १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं, म्हणून हा खटाटोप, मान्य. कादंबरीतलं यान भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांच्या १९९४च्या कल्पनेवर चालतं: पुढचं अवकाश आकसतं, मागचं फुगतं, यान मधल्या बुडबुड्यात बसून राहतं. त्याला लागणारी ऋण (शून्याहून कमी) ऊर्जा कुठून आणली, तेही विचारत नाही. कादंबरी आहे, चालायचंच. पण बुडबुडा प्रकाशापेक्षा वेगात असताना आतला संदेश त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. मग ब्रेक दाबणार कोण? आमचा फेरीबोटवालासुद्धा धक्का जवळ आला की इंजिन उलटं फिरवतो.

दोन भाग याची वाट पाहिली. तिसऱ्यात यान पोचायला आलं, आणि जुलैच्या दमट हवेत पुस्तकाचा डिंक सुटला. भर फेरीत सोळा पानं वाऱ्यावर, तिथून मांडवीत. नेमकी थांबण्याची!

विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘बदलून देण्याची मुदत सात दिवस.’ म्हटलं, अहो, आमच्याकडे पाऊस चार महिने असतो. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. त्या रागात पुढचं वाचलं, तर यान सात महिने रखडत ग्रहाकडे जातंय. एक तारा द्यायचा ठरवून टाकला.

ऑगस्टमध्ये पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत तोच भाग सापडला. उभ्यानेच ती सोळा पानं वाचली आणि मत बदलावं लागलं. ब्रेक यानात नाहीच. बुडबुडा किती वेळाने फुटणार ते निघतानाच ठरवलेलं. वाटेत त्याच्या पुढ्यात साचलेले कण थांबताक्षणी भयंकर ऊर्जेने पुढे सुटतात (२०१२मध्ये सिडनीच्या संशोधकांनी हे गणित मांडलंय), म्हणून नेम ग्रहावर नाही, बाजूला, आणि बराच अलीकडे. उरलेलं अंतर साध्या इंजिनावर. मी ज्याला रखडणं म्हणत होतो ती त्या बिचाऱ्यांची सभ्यता होती. तो भाग पुन्हा वाचला.

तर लेखनाला साडेचार, बांधणीला शून्य. सोळा पानांच्या झेरॉक्स घातल्या आणि म्हापशातल्या एका बायंडरकडून तिसरा भाग शिवून घेतला, ८० रुपये. आता तो टेबलावर सपाट उघडा राहतो, नवा असतानाही राहत नव्हता. चौथ्याची पाठ कुरकुरायला लागली आहे, त्याला सध्या रबरबँड. घ्यायचा असेल तर नोव्हेंबरात घ्या, आणि सात दिवसांत पानं ओढून बघा. पाचवा भाग अजून प्लास्टिकमध्येच आहे. हवा कोरडी झाली की काढीन.